टेबल सॉच्या फेन्सचा अडकणारा हुक : दुरुस्तीच्या नोंदी

मशीनबद्दल आधी थोडं. कुडाळजवळ आमचा छोटा कारखाना आहे. त्यातली टेबल सॉ (टेबलातून वर येणारी गोल करवत) सेकंडहँड घेतलेली, बिडाचं टेबल, १० इंची ब्लेड, २ एचपीची मोटर. फेन्स (जिला टेकवून फळी ब्लेडकडे सरळ ढकलतात ती सरकती पट्टी) जुन्या पद्धतीची, म्हणजे टेबलाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही रेलना पकडणारी. पुढे हँडल, आतून पोकळ नळी, नळीतून जाणारी १० मिमीची दांडी आणि दांडीच्या शेवटी मागची रेल पकडणारा हुक. हँडल दाबताना पहिल्या अर्ध्या प्रवासात फेन्सचं डोकं पुढच्या रेलवर आवळलं जातं आणि सरळ होतं. उरलेल्या प्रवासात दांडी ओढली जाते आणि हुक मागे पकड घेतो. हँडल उचललं की दांडीवरची स्प्रिंग हुकाला मागे ढकलते आणि फेन्स मोकळी होते. निदान व्हायला तरी हवी.

सध्याचं काम माटवीचं. गणपतीच्या डोक्यावर छताला टांगायची लाकडी चौकट, जिला आमच्याकडे नारळ, सुपारीची शिपटं, कवंडळं, कांगण्या बांधतात. गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात. चार उभ्या आणि चार आडव्या पट्ट्या, सोळा ठिकाणी अर्धी-अर्धी खाच पाडून एकमेकींत बसवलेल्या. बारा माटव्यांची ऑर्डर आहे, म्हणजे ९६ पट्ट्या, सगळ्या शिवणीच्या लाकडाच्या, ४० मिमी रुंद. खाचा ४०च्या मापाने पाडायच्या असल्यामुळे एखादी पट्टी एका टोकाला ३९ भरली तर तो सांधा सैल राहतो आणि अख्खी चौकट हलते. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे.

बुधवार, २ जुलै २०२५

फेन्स गेल्या महिन्यापासून अडकते आहे. हँडल वर केलं तरी पुढचं डोकं सुटतं आणि शेपटी जागची हलत नाही. मोगरीचा एक हलका ठोका दिला की सुटायची, म्हणून चालवून घेत होतो. पाऊस लागल्यापासून एकाचे तीन ठोके झाले.

आज सकाळी अकराच्या सुमाराला शिवणीची फळी चिरत होतो. शेवटची फूट-दीड फूट राहिली असताना हाताला फळी जड लागायला लागली आणि जळका वास आला. ढकलणं थांबवून बटण बंद केलं, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत फळी तशीच धरून ठेवली. कापलेल्या कडेवर वीतभर लांब काळपट तपकिरी डाग. ब्लेडच्या मागे उभी पाती आहे, तिच्यामुळे फळी जागेवर राहिली असं मी मानतो.

माप घेतलं. माइटरच्या खाचेपासून (टेबलात ब्लेडला समांतर असलेल्या चरापासून) फेन्स पुढच्या टोकाला ७५.० मिमी, मागच्या टोकाला ७३.९. म्हणजे फेन्स मागे ब्लेडकडे १.१ मिमी झुकलेली. पुढून आत जाणारी फळी मागे गेल्यावर ब्लेड आणि फेन्स यांच्यामध्ये चिमटीत सापडते. ब्लेडचे मागचे दात टेबलातून वर येत असतात. ते त्या फळीला उचलतात आणि उभ्या माणसाच्या दिशेने फेकतात. २५४ मिमीचं ब्लेड मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग सेकंदाला ५३ मीटर होतो, ताशी १९० किलोमीटर. पोटात फळी बसलेला माणूस मी उमेदवारीच्या दिवसांत डोळ्यांनी पाहिला आहे.

भाच्याला सांगितलं, दुरुस्ती पुरी होईपर्यंत या मशीनवर एकही फळी लावायची नाही. प्लग काढून गुंडाळून खिळ्याला टांगला. मोगरी मशीनजवळून उचलून पलीकडच्या बाकावर नेऊन ठेवली. ती तिथे हाताशी होती म्हणूनच महिनाभर ठोकत राहिलो.

शुक्रवार, ४ जुलै

पहिला संशय रेलवर, कारण तो डोळ्यांना दिसत होता. जूनपासून हवा इतकी ओली आहे की संध्याकाळी पुसलेलं लोखंड सकाळी लाल दिसतं. मागच्या रेलच्या अँगलवर गंजाचा बारीक थर होता, आणि हुक जिथे नेहमी बसतो तिथे गंज आणि भुसा मिळून खपली धरली होती. रॉकेलच्या फडक्याने पुसून काढली, मग ४०० नंबरचा एमरी पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासला. नुसत्या बोटांनी घासलं तर पेपर खड्ड्यात शिरतो आणि रेल लाटालाटांची होते, म्हणून ठोकळा.

दोन्ही रेल कोरड्या करून मेण चोळलं. सिलिकॉनचा स्प्रे दुकानात मिळतो, पण तो मी कारखान्यात येऊ देत नाही. त्याचा अंश लाकडाला लागला की पॉलिश तिथे फाटतं, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात, आणि कुठून आलं ते कळेपर्यंत दोन पाट वाया जातात.

फेन्स एका बोटाने सरकायला लागली. भाचा खूश. मग हँडल दाबून कडेला हाताने ढकलून पाहिलं तर आवळलेली फेन्सही सरकली! मेण सगळीकडे लावलं होतं, पकडीच्या जागेवरसुद्धा. फेन्स ज्या पृष्ठावर सरकते तिथे मेण हवं, आणि हुक ज्या पृष्ठाला धरतो तिथे ते अजिबात नको. मागच्या अँगलची आतली बाजू टर्पेंटाइनने पुसून कोरडी केली. पकड आली.

शनिवार, ५ जुलै

मशीन बंद ठेवून नुसतं हँडल खालीवर करत बसलो. पहिले आठ-दहा वेळा सुरेख सुटली. अकराव्या वेळी भाचा म्हणाला, "मामा, परत अडाकली."

आता खात्रीने बघायला हवं होतं की नेमकं काय अडकतं. कालनिर्णयाच्या जुन्या पानाची बोटभर पट्टी कापली, हुक आणि मागची रेल यांच्यामध्ये धरली, हँडल दाबलं, उचललं आणि पट्टी ओढली. सुटली तर हुक मोकळा झाला, फाटली तर नाही. वीस वेळा केलं. तेरा वेळा सुटली, सात वेळा फाटली. फाटली त्या सातही वेळी हँडल मात्र पूर्ण वर आलेलं होतं. म्हणजे हँडल सुटतं आणि हुकाला त्याचा निरोप पोचत नाही. रेल स्वच्छ होती, तेव्हा दोष नळीच्या आत.

याच कसरतीत दुसरी गोष्टही उलगडली. हुक अर्धवट धरलेला असताना फेन्स नव्या मापाला सरकवली की डोकं सरकतं आणि शेपटी मागे राहते. मग हँडल दाबलं की शेपटी आधीच पकडलेली, आणि डोक्याला सरळ व्हायला वावच नाही. २ तारखेचा १.१ मिमीचा तिरपेपणा इथून आला. इतके दिवस फेन्स अडकते आणि फेन्स तिरपी बसते या मी दोन वेगळ्या तक्रारी धरत होतो, आणि तिरपेपणासाठी डोक्याचे बोल्ट दोनदा सैल करून पुन्हा आवळले होते. ते बोल्ट आता पुन्हा जुळवावे लागणार.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. कारखाना बंद. दुपारी वहीत फेन्सच्या आतल्या भागाचं चित्र काढलं, जेवढं बाहेरून समजलं तेवढं. दांडी कुठे टेकते ते मला काढता आलं नाही.

सोमवार, ७ जुलै

फेन्स उतरवून बाकावर जुन्या चादरीवर उलटी ठेवली. मागचा नट काढण्याआधी त्याच्यापुढे दिसणारे आटे मोजून लिहून ठेवले : साडेपाच. हा नट हुकाचा ताण ठरवतो, आणि पुन्हा जोडताना सुरुवात कुठून करायची ते माहीत असलं की अर्धा दिवस वाचतो.

दांडी सहज बाहेर येईना. लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून हळूहळू ढकलली तेव्हा तिच्याबरोबर नळीतून एक गुल्ली बाहेर आली, अंगठ्याएवढी जाड, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब. आधीच्या मालकाने, किंवा त्याच्याही आधीच्या कुणी, दांडीला भरपूर ग्रीस दिलं होतं. त्या ग्रीसने वर्षानुवर्षं भुसा धरला. गुल्ली सुरीने उभी चिरली तर आत थर दिसले : बाहेर शिवणीचा फिकट, मध्ये फणसाचा हळदी पिवळा, त्याच्या आत सागाचा तपकिरी आणि अगदी दांडीलगत काळं, डांबरासारखं घट्ट. फणसाचा थर आमच्या गेल्या वर्षीच्या पाटांचा असणार. कडक इतकी की बाकावर आपटली तर खट्ट वाजली.

रॉकेल, जुना दात घासायचा ब्रश आणि काठीला गुंडाळलेली चिंधी घेऊन भाच्याने दोन तास नळी साफ केली. दांडी बिडाच्या टेबलावर गडगडवून पाहिली, खाली उजेडाची फट दिसली नाही, म्हणजे सरळ आहे. नळीत दांडीला आधार देणारी भोकाची पट्टी मध्यावर आहे, चित्रात मला न जमलेली जागा हीच. भोक गोल आहे, झिजलेलं नाही.

इथे मनाने कौल दिला होता की दोष सापडला. एवढा मोठा अडथळा बाहेर आल्यावर आणखी काय असणार? संध्याकाळी कोरडीच जोडली आणि कागदाची परीक्षा घेतली. वीसपैकी सतरा. तीनदा पट्टी फाटली.

तेरावरून सतरा म्हणजे सुधारणा आहे, पण विसातून तीनदा फळी चिमटीत धरणारी फेन्स मी वापरणार नाही.

मंगळवार, ८ जुलै

आज हात हँडलवर ठेवून डोळे मिटून खालीवर केलं. वर येताना साधारण मध्यावर एक बारीक ठेच लागते. कानाला काही ऐकू येत नाही, तळहाताला मात्र कळतं. अडकली त्या वेळी ही ठेच जास्त स्पष्ट होती.

डोकं उघडलं. हँडलच्या पिनवर कॅमच्या, म्हणजे फिरताना समोरच्या भागाला रेटणाऱ्या, दोन पाळ्या आहेत, त्यांच्या मधून दांडी जाते, आणि दांडीच्या पुढच्या टोकाला नटाने धरलेली ६ मिमी जाडीची चौकोनी प्लेट आहे. हँडल दाबलं की पाळ्या त्या प्लेटला माझ्या दिशेने रेटतात आणि प्लेट दांडीला ओढते. प्लेट हातात घेऊन खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. दोन चर. नख फिरवलं तर डाव्या चरात नख नुसतं जाणवतं, उजव्या चरात अडकतं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि पट्टी लावून मोजलं : डावा ०.१ मिमी, उजवा ०.४.

आता सगळं जुळलं. हँडल उचलताना उजवी पाळी खोल चरातून बाहेर येताना त्याच्या काठाला अडते, प्लेट एका बाजूला कलते, आणि कललेल्या प्लेटमुळे दांडी मधल्या भोकात तिरकी दाबली जाते. कपाटाचा रुंद खण एकाच मुठीने ओढला की जसा तिरका होऊन बसतो, तसंच. मागून स्प्रिंग ढकलते, पण तिरक्या दांडीला सोडवण्याएवढं बळ तिच्यात नाही.

नवा भाग करायच्या आधी हा अंदाज पडताळून पाहिला. प्लेटची दुसरी बाजू कोरी होती आणि भोक बरोबर मध्यावर. प्लेट उलटवली, बाकी कशालाही हात लावला नाही, जोडली. वीसपैकी वीस. पुन्हा वीस केले, तेही वीस.

याचा मला फार आनंद झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलली की उत्तरावर विश्वास ठेवता येतो. ४ तारखेला मी रेल घासणं, मेण आणि पुसणं असं सगळं एकदम केलं होतं, त्यामुळे कशाने काय झालं ते त्या दिवशी सांगता आलं नसतं.

गुरुवार, १० जुलै

उलटी प्लेट काम देते आहे, पण ती मऊ लोखंडाची आहे, तीही अशीच झिजेल. शिवाय व्हर्नियर लावला तेव्हा ८ मिमीची पिन उजव्या बाजूला ७.७ भरली. उजवाच चर खोल का, त्याचं कारण बहुधा इथे आहे : पिन झिजून पाळी एका बाजूला कलली आणि सगळा भार एका काठावर आला.

दोन्ही वस्तू घेऊन एमआयडीसीतल्या टर्नरकडे गेलो. वयस्कर माणूस, माझ्या वडिलांची यंत्रंही त्यांनीच केलेली. प्लेट बघितली, पिन बघितली, मग दांडीचा वास घेतला आणि म्हणाले, "तेल घातलंस मां? मगे भुसो खंय जातलो?" मी सांगितलं, मी नाही, आधीच्याने. त्यावर ते मला अर्धा तास बसवून समजावत राहिले की जिथे धूळ उडते तिथे ओलं वंगण म्हणजे धुळीला आमंत्रण; कुलपाला घालतात ती ग्रॅफाइटची पूड घाल, कोरडी असते, काही धरून ठेवत नाही. लाकडाचं काम न करणाऱ्या माणसाकडून हे ऐकलं आणि पटलं.

त्यांनी नवी पिन ब्राइट बारमधून (गुळगुळीत, नेमक्या मापाच्या पोलादी सळईतून) काढली. प्लेटसाठी ईएन-८ पोलादाचा तुकडा घेतला, भोक पाडलं, लाल करून तेलात विझवला आणि पाळ्या घासतात ती बाजू सपाट घासून दिली. दोन्हीचे मिळून ४०० रुपये.

शनिवार, १२ जुलै

स्प्रिंगही बदलली. जुनी सैल उभी केली तर ३८ मिमी भरते आणि हाताने दाबताना मधले वेढे एकमेकांना आधीच टेकतात, म्हणजे तिचा दम गेलेला. गॅरेजमधून त्याच तारेची, त्याच व्यासाची, ४५ मिमीची मिळाली. याहून कडक घ्यायचा मोह झाला होता. पण कडक स्प्रिंग हँडल दाबतानाही विरोध करते, आणि मग हात हँडल पुरतं खाली नेण्याआधीच थांबतो. ते जास्त वाईट.

दांडीला ग्रॅफाइट पूड, पाळ्यांना किंचित. नट साडेपाच आट्यांवर.

सोमवार, १४ जुलै

आज जुळवणी. क्रम असा ठेवला : आधी ब्लेड आणि खाच, मग खाच आणि फेन्स. ब्लेडच्या एका दाताला पेनने खूण केली, तो दात पुढे आणून खाचेपासून अंतर घेतलं, मग तोच दात फिरवून मागे नेला आणि तिथे घेतलं. तोच दात का, तर ब्लेडमध्ये जराशी डुगडुग असली तरी ती मापात येत नाही. फरक ०.०५ मिमी. हात लावला नाही.

मग डोक्याचे ते बिचारे बोल्ट. सैल करून फेन्स खाचेला समांतर आणली आणि मागच्या टोकाला ब्लेडपासून ०.१ मिमी दूर ठेवली. अगदी समांतर ठेवणारेही चांगले सुतार आहेत. मी हा एक दशांश बाहेर ठेवतो, कारण चूक व्हायची असेल तर ती मोकळ्या बाजूला व्हावी.

मागच्या नटाने थोडा त्रास दिला. साडेपाच आट्यांवर हुक डोक्याच्या आधीच धरत होता. नव्या प्लेटला चर नाहीत, त्यामुळे तेवढाच ताण आता जास्त पडत होता. अर्धा आटा सोडला. आता पुढचं डोकं बसल्याचं हाताला आधी कळतं, मग मागचं.

वीस वेळा फेन्स हलवून, पुन्हा लावून, आवळून मागच्या टोकाचं माप घेतलं. भाचा वाचत होता, मी लिहीत होतो. एकोणीस आकडे ७५.१. चौदाव्या वेळचा ७५.२, तेव्हा रेलवर लाकडाची एक कपची पडलेली सापडली. कागदाची पट्टी वीसपैकी वीस.

चारच्या सुमाराला प्लग खिळ्यावरून काढला. पहिली पट्टी शिवणीची, ढकलकाठी हातात, मी ब्लेडच्या रेषेतून बाजूला उभा. कड पांढरीफटक आली, करवतीच्या बारीक खुणांशिवाय काही नाही. रुंदी दोन्ही टोकांना ४०.०. भाच्याने ती नाकाला लावून वास घेतला. ओल्या शिवणीचा होता, जळल्याचा नाही. अंधार पडायच्या आत चोवीस पट्ट्या झाल्या.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी, अर्धा दिवस काम. ९६ पट्ट्या पुऱ्या, चार जादा. सात माटव्या जोडून झाल्या. सांधे हाताने दाबून बसतात, मोगरी लागत नाही.

पंधरा दिवस पाऊस सलग आहे. दर शनिवारी काम संपल्यावर भाचा हँडलजवळ ब्लोअरने हवा मारतो, मागची रेल कोरड्या फडक्याने पुसतो आणि कागदाची पट्टी पाच वेळा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहितो. आतापर्यंत ५, ५.

एक गोष्ट बाकी आहे. ठोकून ठोकून फेन्सच्या शेपटीला बाहेरून एक चपटा खळगा पडला आहे, आणि नळीची भिंत तिथे किंचित आत दबली आहे. सध्या दांडीला लागत नाही. वाकडी तार आत घालून पाहिलं, मध्ये तीनेक मिमी जागा आहे. चतुर्थी झाली की फेन्स उतरवून तो भाग आतून ठोकून बाहेर काढायचा.